जीपचा हॉर्न मुका का होतो?

घाटातला रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. वळणाच्या पलीकडे काय आहे, ते दिसत नाही. तिकडून उसाने भरलेला ट्रक येत असेल. गुरे घरी परतत असतील. एखादी आजी नातवाचा हात धरून कडेने चालली असेल. डोळ्यांना जे दिसत नाही, त्याला आवाजाने सावध करता येते. म्हणून गाडीला हॉर्न असतो.

ब्रेक बिघडला की आपण गाडी उभी करतो. हॉर्न बिघडला, तर मात्र म्हणतो, "बघू पुढच्या बाजाराला." हॉर्नवाचून गाडी चालते, हे खरे. पण वळणावर ती मुक्याने चालते. मुकी गाडी आपल्यालाही धोक्याची आणि समोरच्यालाही. कायद्यानेही मोटारगाडीला हॉर्न असावाच लागतो.

हॉर्न बंद पडला, की पुष्कळ जण पहिल्या प्रथम नवा हॉर्न विकत आणतात. तो लावतात. तोही वाजत नाही! पैसे जातात आणि बिघाड जागच्या जागी राहतो. असे का होते? आणि बिघाड नेमका कुठे आहे, ते कसे शोधावे? ते आपण या धड्यात पाहू. उदाहरणाला आपण जुनी जीप घेऊ. तिची रचना साधी आहे. एकदा ती समजली, म्हणजे इतर गाड्यांचीही समजू लागते.

जीप आली कुठून?

जीप मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी तिथल्या सैन्यासाठी सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. चिखल, खडक, नदीचे पात्र, कुठेही ती जाई. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे मुंबईत महिंद्र कंपनीने जीप जोडायला सुरुवात केली. मग ती शेतावर आली, सरकारी कामात आली, लग्नाच्या वऱ्हाडातही आली. आज नव्या गाड्या पुष्कळ निघाल्या आहेत. तरी एखादी जुनी जीप कोणाच्या तरी गोठ्याशेजारी उभी दिसतेच.

हॉर्न वाजतो कसा?

अगदी जुन्या मोटारींना रबरी फुग्याचा भोंगा असे. फुगा दाबला, की भों करून वाजे. पुढे विजेचा हॉर्न निघाला. अमेरिकेतल्या मिलर रीस हचिसन नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लॅक्सन नावाचा विजेचा हॉर्न तयार केला. गंमत अशी, की ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी विजेवर चालणारे यंत्रही त्यांनीच बनवले होते.

जुन्या जीपच्या हॉर्नच्या पोटात मुख्य वस्तू तीन. पहिली, तांब्याच्या तारेचे वेटोळे. दुसरी, पोलादी पत्र्याचा पातळ पडदा. तिसरी, एकमेकांना टेकणारे दोन बारीक पॉइंट.

बटण दाबले, की वीज पॉइंटमधून वेटोळ्यात जाते. वेटोळ्याचे लोहचुंबक होते. ते पडदा आपल्याकडे ओढते. पडदा ओढला गेला, की पॉइंट एकमेकांपासून सुटतात. ते सुटले, की वीज तुटते. वीज तुटली, की चुंबक संपले. पडदा परत जागेवर येतो. पॉइंट पुन्हा टेकतात. वीज पुन्हा वाहते.

हे एका सेकंदात शेकडो वेळा घडते. पडदा तितक्या वेळा मागेपुढे होतो. ढोलकीचे कातडे थरथरते, तसाच हा पत्रा थरथरतो. तोच हॉर्नचा आवाज.

विजेची वाट

आता शेतातल्या पाण्याकडे वळू. विहिरीतून पाणी निघते. पाटाने येते. दारे धरणारा माणूस दार फोडतो आणि पाणी वाफ्यात शिरते. समजा, वाफा कोरडा राहिला. तर आपण काय करतो? वाफा खणून दुसरा करतो का? नाही. आपण पाटाच्या कडेने चालत जातो. पाणी कुठवर आले आहे, ते पाहतो. जिथे पाट फुटला असेल, तिथेच फावडे लावतो.

हॉर्नचेही असेच आहे. बॅटरी म्हणजे विहीर. वायर म्हणजे पाट. हॉर्न म्हणजे वाफा.

एका बाबतीत मात्र वीज पाण्याहून वेगळी आहे. पाणी वाफ्यात मुरते. वीज मुरत नाही. तिला परत बॅटरीकडे जावे लागते. परतीची वाट नसेल, तर ती निघतच नाही. जीपमध्ये ही परतीची वाट म्हणजे गाडीची लोखंडी बॉडी. बॅटरीची एक जाड पट्टी बॉडीला जोडलेली असते. तिला अर्थ म्हणतात.

जुन्या जीपमध्ये वीज बहुधा अशी फिरते. बॅटरीतून वायरने हॉर्नकडे. हॉर्नमधून दुसऱ्या वायरने स्टिअरिंगच्या नळीत. तिथून चाकाच्या मधल्या बटणाकडे. बटण दाबले, की ती वायर बॉडीला टेकते. मग वीज बॉडीतून बॅटरीकडे परत जाते. म्हणजे बटण हे परतीच्या वाटेचे दार आहे. हॉर्नपर्यंत वीज नेहमीच आलेली असते. म्हणून अशा जीपचा हॉर्न किल्ली बंद असतानाही वाजतो.

ही वाट ध्यानात नसली, की काय होते, ते या बोलण्यावरून कळेल.

"पोरा, नवा हॉर्न आणला, तोही मुकाच निघाला बघ. दुकानदारानं फसवलं मला."

"तात्या, जुना हॉर्न फेकला तर नाही ना?"

"न्हाई, घरात पडलाय. का रे?"

"घेऊन या. बटणाची वायर स्टिअरिंगखाली तुटली आहे. हॉर्न दोन्ही चांगले आहेत. वीज परत जायला वाटच नव्हती."

"मग हे आधी का न्हाई कळलं?"

"आधी हॉर्न बदलला, तात्या. वाट कुणी पाहिलीच नाही."

हाताशी काय हवे?

फार काही लागत नाही. एक पाना, एक पेचकस, बारीक पॉलिश पेपर आणि दोन हात लांब वायरचा तुकडा. शिवाय एक दिवा. गाडीचा छोटा बल्ब घ्या. त्याला दोन वायरी जोडा. झाला तपासणीचा दिवा तयार. वीज कुठवर आली, ते हा दिवा सांगतो.

बल्ब बॅटरीच्या जोडीचा हवा. जुन्या जीपमध्ये ६ व्होल्टची बॅटरी असे. पुढे १२ व्होल्टची आली. ओळखायचे कसे? बॅटरीची बुचे मोजा. एका खणात साधारण २ व्होल्ट वीज असते. ३ बुचे असली, तर ६ व्होल्ट. ६ बुचे असली, तर १२ व्होल्ट. बुचे नसलेल्या बॅटरीवर आकडा छापलेला असतो. तो वाचा.

हॉर्नवरचा आकडाही वाचा. जुन्या जीपला कोणी मागाहून १२ व्होल्टची बॅटरी बसवतो आणि हॉर्न मात्र ६ व्होल्टचाच ठेवतो. असा हॉर्न काही दिवस मोठ्याने वाजतो आणि मग जळतो. उलट, १२ व्होल्टचा हॉर्न ६ व्होल्टवर लावला, तर तो नुसता कण्हतो.

कामाला लागण्यापूर्वी

बॅटरीजवळ विडी ओढू नका. काडी पेटवू नका. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो आणि बॅटरी फुटू शकते. आतले पाणी म्हणजे ॲसिड असते. ते डोळ्यांत गेले, तर डोळे जातात. अंगावर उडाले, तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

हातातली अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवा. विजेची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये धातू सापडला, तर तो क्षणात लालभडक होतो. किल्ली बंद केली, म्हणून बेसावध राहू नका. हॉर्नपर्यंत वीज असते, हे आताच आपण पाहिले.

पायरी १ : बॅटरी पाहा

पुढचे दिवे लावा. ते मंद असतील, तर दोष हॉर्नचा नाही. बॅटरी उतरली आहे, नाहीतर तिची जोडणी खराब आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचली आहे का? मग पट्ट्या काढून टोके धुवा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतले, की पूड निघते. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

पट्ट्या काढताना बॉडीला जोडलेली पट्टी आधी काढा. लावताना ती सर्वांत शेवटी लावा. कारण सोपे आहे. ती निघाली, म्हणजे परतीची वाट बंद झाली. मग पाना चुकून बॉडीला लागला, तरी ठिणगी उडत नाही.

पायरी २ : हॉर्नपर्यंत वीज आली का?

हॉर्नला दोन वायरी आहेत ना, ते आधी पाहा. एकच वायर असेल, तर त्या गाडीची रचना वेगळी आहे. पुढची तपासणी तिला जशीच्या तशी लागू पडणार नाही.

दोन्ही वायरी हॉर्नपासून सोडवा. त्यांची टोके कुठेही टेकू देऊ नका. दिव्याचे एक टोक बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडाला लावा. दुसरे टोक एकेका वायरीला लावून पाहा.

एका वायरीवर दिवा लागेल. ती बॅटरीची वायर. तिला लाल दोरा बांधा, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. दुसरी राहिली, ती बटणाची वायर.

कोणत्याच वायरीवर दिवा लागला नाही, तर पाट बॅटरी आणि हॉर्न यांच्यामध्ये फुटला आहे. त्या वायरीच्या कडेने बोट फिरवत मागे जा. उंदराने कुरतडलेली जागा, बॉडीला घासलेली जागा, सैल झालेला स्क्रू, हे पाहा. काही गाड्यांत मध्ये फ्यूज असतो. तो जळला असेल, तर त्याच ताकदीचा दुसरा घाला. जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालू नका. फ्यूज स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. तार जळत नाही, मग गाडी जळते.

पायरी ३ : परतीची वाट मोकळी आहे का?

दोन्ही वायरी अजून मोकळ्याच ठेवा. आता दिव्याचे एक टोक लाल दोऱ्याच्या वायरीला लावा. दुसरे टोक बटणाच्या वायरीला. सोबत्याला बटण दाबायला सांगा.

बटण दाबले की दिवा लागतो आणि सोडले की विझतो? मग वायर आणि बटण ठीक आहेत.

दाबूनही दिवा लागत नाही? मग बिघाड बटणाच्या बाजूला आहे. बटण काढून पाहा. स्प्रिंग मोडली असेल. आत गंज किंवा ग्रीस साचले असेल. ते साफ करा. स्टिअरिंगच्या नळीत वायर तुटण्याची खोडही जुन्या जीपला असते. चाक वळवताना दिवा लागत-विझत असेल, तर दोष नळीतच आहे असे समजा.

बटण न दाबताच दिवा लागतो? मग बटणाची वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे, नाहीतर बटण आत अडकले आहे. असा हॉर्न एकदा सुरू झाला, की थांबत नाही.

पायरी ४ : हॉर्नची परीक्षा

आता लाल दोऱ्याची वायर परत हॉर्नला घट्ट लावा. हॉर्नचे दुसरे टोक मोकळे राहील. आपल्या वायरच्या तुकड्याने ते मोकळे टोक बॉडीला क्षणभर टेकवा. हॉर्न वाजला, तर तो चांगला आहे.

इथे फार सांभाळा. लाल दोऱ्याचे टोक सरळ बॉडीला कधीही टेकवू नका. मध्ये हॉर्न नसला, तर विजेला आडकाठी राहत नाही. वायर तापून पेट घेते.

हॉर्न वाजला नाही, पण 'टक' असा आवाज आला, तर वेटोळे जिवंत आहे. पडदा किंवा पॉइंट अडकले आहेत. काहीच आवाज नाही, ठिणगीही नाही, तर पॉइंट मळले आहेत किंवा आतली तार तुटली आहे.

पायरी ५ : हॉर्नची दुरुस्ती

हॉर्न सोडवून घ्या. तोंडात चिखल वाळला असेल. कुंभारमाशीने मातीचे घर केले असेल. बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाडीत हे नेहमी सापडते. ते हलक्या हाताने काढा.

हॉर्नच्या पाठीवर एक बारीक स्क्रू असतो. त्याने पॉइंटमधले अंतर कमी-जास्त होते. आधी त्यावरचा नट सैल करा. स्क्रू पाव फेरा फिरवा. हॉर्न क्षणभर वाजवून पाहा. पुन्हा पाव फेरा. आवाज खणखणीत झाला, की थांबा. नट आवळून टाका. एकदम दोन-तीन फेरे देऊ नका. पॉइंट कायमचे चिकटून राहिले, तर पडदा ओढलेलाच राहतो आणि वेटोळे जळते.

हॉर्न उघडता येत असेल, तर पॉइंट बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. मग स्वच्छ कोरडा कागद मधून ओढून घ्या. काही हॉर्न रिबीट मारून बंद केलेले असतात. ते उघडू नका. स्क्रूने जमले नाही, तर आता मात्र नवा हॉर्न आणा. आता तो खर्च वाया जाणार नाही.

परत बसवताना हॉर्न त्याच्या पट्टीवरच बसवा. त्याचे अंग बॉडीला टेकले, तर आवाज दबतो. ताट हाताने दाबून वाजवले, तर घुमते का? तसेच हे.

आवाज घोगरा का?

कधी दिवा सगळीकडे नीट लागतो, पण हॉर्न घोगरा वाजतो. याचे कारण समजून घ्या. छोट्या बल्बला थोडी वीज पुरते. हॉर्नला तिच्या दहापट लागते. गंजलेल्या सांध्यातून बल्बापुरती वीज निघते, हॉर्नपुरती निघत नाही. अर्धा बुजलेला पाट तांब्या भरील, वाफा भरणार नाही. अशा वेळी वाटेतला प्रत्येक सांधा सोडवा, घासा आणि घट्ट आवळा. बॅटरीची बॉडीला जाणारी पट्टी विसरू नका.

हॉर्न थांबतच नसेल तर?

गाडी कडेला घ्या. बॉनेट उघडा. बटणाची वायर हॉर्नपासून ओढून काढा. आवाज थांबेल. थांबला नाही, तर दुसरी वायर काढा आणि तिचे टोक कोरड्या कापडात गुंडाळून बांधा. हॉर्न सतत वाजत ठेवला, तर तो तापून जळतो. बॅटरीही उतरते.

दुसऱ्या गाड्यांत काय वेगळे?

काही मोटारींत दोन हॉर्न असतात. एक वाजतो आणि एक मुका आहे, तर दोष त्या मुक्या हॉर्नमध्ये किंवा त्याच्या जोडणीत. दोन्ही मुके आहेत, तर दोन्ही हॉर्न एकदम बिघडणे कठीण. दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. म्हणजे फ्यूज, रिले किंवा बटण.

रिले म्हणजे विजेने उघडणारे दार. बटण दाबल्यावर रिलेमध्ये बारीक 'टिक' ऐकू येते. टिक आली, पण हॉर्न वाजला नाही, तर बटण ठीक आहे. पुढे शोधा. टिक आली नाही, तर मागे शोधा.

हॉर्न दुरुस्त झाला. आता तो कसा वाजवावा?

वळणावर वाजवा. गुरे, मुले, सायकलवाले बेसावध असतील, तिथे वाजवा. दवाखान्याजवळ आणि शाळेजवळ जिथे मनाईची पाटी असेल, तिथे वाजवू नका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. त्याप्रमाणे विनाकारण किंवा सारखा हॉर्न वाजवला, तर पहिल्या वेळी १००० रुपये आणि पुढच्या वेळी २००० रुपये दंड ठरला. निरनिराळ्या सुरांत वाजणारे हॉर्न लावायलाही परवानगी नाही.

हॉर्न वाजवला, म्हणजे रस्ता आपला झाला असे नाही. गुरांना हॉर्नची भाषा कळत नाही. कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याला तो ऐकू येत नाही. म्हणून बोट हॉर्नवर गेले, तरी पाय ब्रेकजवळ असू द्या.

वायर कुठून येते आणि कुठे जाते, एवढे ज्याला ठाऊक झाले, त्याला बिघाड सापडतो. मग गाडीचे दिवे असोत, नाहीतर शेतावरच्या ट्रॅक्टरचे. एका वेळी एकच गोष्ट तपासावी. जिथवर ठीक आहे, तिथवरची काळजी सोडावी आणि पुढे जावे. हॉर्न बदलणे हे शेवटचे काम, पहिले नव्हे.

सांगा पाहू

१. बॅटरीची बुचे मोजून काय कळते?
२. बॅटरीची कोणती पट्टी आधी काढावी? का?
३. बटण न दाबताच दिवा लागला, तर काय समजावे?
४. फ्यूजच्या जागी जाड तार का घालू नये?
५. तुमच्या गावातल्या कोणत्या वळणावर हॉर्न वाजवणे जरुरीचे आहे?